पॅरा क्रीडा, नाशिक जिल्हा

शारीरिक, दृष्टिविषयक किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंसाठी, वर्गीकरणाच्या नियमांनुसार घेतल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक खेळांना पॅरा क्रीडा म्हणतात. नाशिक जिल्ह्यात यांपैकी धावण्याच्या शर्यती सर्वांत ठळक दिसतात. याचे मूळ पॅरा चळवळीपेक्षा सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी या पट्ट्यातील धावण्याच्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

व्युत्पत्ती : ‘पॅरालिंपिक’ या शब्दातील ‘पॅरा’ म्हणजे ग्रीक भाषेतील ‘शेजारी, समांतर’, असे आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती सांगते. ऑलिंपिकला समांतर ते पॅरालिंपिक, असा हा अर्थ. दुसऱ्या मतानुसार हा ‘पॅराप्लेजिया’ (कमरेखालचा पक्षाघात) आणि ‘ऑलिंपिक’ यांचा जोडशब्द असून १९५० च्या दशकात इंग्रजी वृत्तपत्रांतून तो रूढ झाला. कालक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७२ पर्यंत या स्पर्धांतील पदके केवळ मज्जारज्जूला इजा झालेल्या खेळाडूंसाठी होती; अवयव गमावलेले आणि अंध खेळाडू १९७६ मध्ये टोरांटो येथे सामील झाले, तेव्हा जुना अर्थ अपुरा पडू लागला. अधिकृत नाव म्हणून शब्दाचा वापर १९८८ च्या सोल येथील स्पर्धांपासून धरतात. १९६० ची रोम येथील स्पर्धा आज ‘पहिली पॅरालिंपिक’ म्हणून मोजली जाते. तेव्हा मात्र तिचे नाव, इंग्लंडमधील एका रुग्णालयावरून, नववी आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल स्पर्धा असे होते.

शब्दांचा विषय निघाला आहे तर जिल्ह्यातल्या एका नावाची नोंद येथेच करणे इष्ट. देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने अडकून पडलेल्या ब्रिटिश शिपायांची मनःस्थिती बिघडे. त्यावरून वेड लागलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द आला. त्याचे जुने रूप ‘डूलाली टॅप’ असे असून त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’ असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. मानसिक आजाराची टिंगल करणाऱ्या शब्दाला गावाचे नाव चिकटावे, हा देवळालीकरांवरचा अन्यायच.

मराठीत ‘अपंग’ हा शब्द शासकीय लेखनातून मागे पडून ‘दिव्यांग’ रूढ झाला आहे. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. रोजच्या बोलण्यात मात्र ‘अपंग’ टिकून आहे, आणि गौरवाच्या नव्या शब्दाने हक्क मिळत नाहीत, असा आक्षेप चळवळीतील अनेक कार्यकर्ते घेतात.

बहुक्रीडा खेळाडू : लुडविग गुटमान या मज्जातंतुतज्ज्ञाने २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १६ जखमी माजी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली. पुढील दोन-तीन दशके एकाच खेळाडूने अनेक खेळांत उतरणे ही रीतच होती. हौस आणि खेळाडूंची कमी संख्या ही कारणे नेहमी दिली जातात. वर्गीकरणाची पद्धत हे त्याहून महत्त्वाचे कारण होय. मज्जारज्जूला इजा कोणत्या पातळीवर आहे ते डॉक्टर ठरवत, आणि त्या एका निदानावर माणूस पोहण्यात, भालाफेकीत व टेबल टेनिसमध्ये नाव देऊ शके.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण मुरलीकांत पेटकर. हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. नाशिकच्या पेठ तालुक्याशी त्यांचा संबंध जोडू नये. सैन्याच्या इएमई (विद्युत व यांत्रिक अभियांत्रिकी) दलात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. गोळ्यांची संख्या निरनिराळ्या वृत्तांतांत वेगवेगळी आढळते. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत ते भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळा शर्यत (स्लॅलम) यांतही उतरले होते. हे पदक म्युनिकचे असे पुष्कळदा छापले जाते, ते चूक आहे. म्युनिकचे क्रीडाग्राम सदनिकांसाठी द्यावयाचे असल्याने ही स्पर्धा हायडेलबर्ग येथे, ऑलिंपिकच्या आधी ऑगस्टच्या सुरुवातीला झाली. पुढे पेटकरांनी पुण्यात टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीत नोकरी केली. १९८२ मध्ये त्यांची अर्जुन पुरस्काराची मागणी मान्य झाली नाही. २०१८ मध्ये पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

वर्गीकरण आणि नाशिक : १९८० च्या दशकापासून निदानाऐवजी ‘त्या खेळात शरीर काय करू शकते’ हा निकष पुढे आला. आता प्रत्येक खेळाचा वर्ग स्वतंत्रपणे तपासून घ्यावा लागतो. धावण्यासाठी ‘टी’, मैदानी फेकींसाठी ‘एफ’, जलतरणासाठी ‘एस’ ही अक्षरे आणि पुढे अंक. धावण्यात ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक दिव्यांगत्व, ४५ ते ४७ हातांतील दोष. यांपैकी टी-४५ दोन्ही हातांसाठी, टी-४६ एका हाताच्या कोपरावरील वा कोपरातील विच्छेदनासाठी, तर टी-४७ कोपराखालील विच्छेदनासाठी आहे. मोठ्या स्पर्धांत हे तिन्ही वर्ग एकत्र धावतात आणि शर्यतीला ‘टी-४७’ म्हणतात; वृत्तपत्रांत वर्ग व शर्यत यांची गल्लत होते ती यामुळेच. बसून सुटताना आखूड हाताखाली टेकू ठेवण्याची मुभा असते. एका बाजूला हाताचा झोका अपुरा पडल्याने धड पिळले जाते, आणि ते सावरण्याची ताकद कमरेच्या व पोटाच्या स्नायूंतून आणावी लागते. चारशे मीटरच्या शेवटच्या शंभरात, थकवा आल्यावर, हा फरक अधिक जाणवतो.

चारशे मीटरच्या याच टी-४७ शर्यतीत सुरगाणा तालुक्यातील दिलीप गावित यांनी २८ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई पॅरा स्पर्धेत ४९.४८ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. भारताचे त्या स्पर्धेतील ते शंभरावे पदक. एकूण पदके १११ झाली. लहानपणी झाडावरून पडून झालेल्या इजेमुळे त्यांचा हात गेला. वैजनाथ काळे हे त्यांचे प्रशिक्षक. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ते अंतिम फेरीत पोहोचून आठवे आले. पेटकरांच्या काळात पोहणे आणि भालाफेक एकाच माणसाच्या वाट्याला येत. गावितांची ओळख एका शर्यतीशी जोडलेली आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत (२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर, कांस्य) यांच्यामुळे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत धावणे ही करिअरची वाट झालीच होती. गावितांची वाटचाल तिच्याच पुढे मांडावी लागते.

अंध खेळाडूंचा तपशील वेगळा. टी-११ वर्गात धावपटूच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि सोबतचा मार्गदर्शक धावक त्याच्याशी दोरीने जोडलेला असतो. राष्ट्रीय अंध संघटनेच्या (नॅब) महाराष्ट्र शाखेचे कार्यालय नाशिक येथे आहे.

हक्क : १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. त्यातील कलम ३० खेळांविषयी आहे. कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावयाचा असतो. योजनांचा लाभ मिळण्यासाठी सामान्यतः किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. या टक्केवारीचा क्रीडावर्गाशी थेट संबंध नाही. हातात प्रमाणपत्र असूनही वर्ग न मिळालेला खेळाडू परत पाठवला जातो, आणि तालुक्याच्या गावाहून आलेल्या पालकांना हे बहुधा स्पर्धेच्या ठिकाणीच कळते.