वारशात आलेलं वाघनख: मालकी प्रमाणपत्र कोणाला आणि कसं मिळतं

वाघ, बिबट्या, अस्वल आणि घोरपड हे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतात. त्यांचं नख कायद्याच्या लेखी 'ट्रॉफी', म्हणजे वन्यप्राण्याचा जतन केलेला भाग ठरतं. त्यामुळे रानात सापडलेलं, भेट मिळालेलं किंवा जत्रेत विकत घेतलेलं नख घरी बसून चांदीत मढवायची सोय कायद्यात नाही. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना सवलत आहे, पण ते उदाहरण इथे चालत नाही. ती सवलत फक्त शेपटीच्या पिसांपुरती आहे, मोराच्या नखांना नाही.

रस्ता एकच उरतो, तो वारशाचा. ज्याच्याकडून नख आलं त्याच्या नावे मालकी प्रमाणपत्र असेल, तर वारसाने नख हाती आल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यायचं असतं. महाराष्ट्रात मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे. आधी आपल्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे चौकशी केलेली बरी.

घोषणापत्रासोबत मूळ मालकी प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, वारस दाखला किंवा मृत्युपत्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि इतर वारसांची लेखी संमती तयार ठेवा. नखाचे दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. कोंदणासकट वजन किती, धातू कोणता, हेही लिहा. त्यानंतर अधिकारी वस्तू पाहून यादी करतात, ओळखचिन्ह लावू शकतात, आणि ताबा कायदेशीर असल्याची खात्री पटली तरच प्रमाणपत्र देतात.

गाडी अडते ती बहुतेक मूळ प्रमाणपत्रापाशी. 'आजोबांच्या काळापासून घरात आहे' हा पुरावा नव्हे. जुना साठा जाहीर करण्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवस दिले होते, ती मुदत केव्हाच संपली. शिवाय कलम ५७ नुसार ताबा बेकायदेशीर नाही हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, आणि दंड किमान २५ हजार रुपये.

बाजारातली कित्येक 'वाघनखं' गुरांच्या खुरांची किंवा शिंगांची असतात. जाळून वास घेण्याची घरगुती चाचणी निरुपयोगी आहे, कारण नख, खूर आणि शिंग तिन्ही केराटिन या एकाच प्रथिनाचे. खात्री प्रयोगशाळेतच होते.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही विक्री किंवा मोबदल्यात देवाणघेवाण चालत नाही. परराज्यात नेलं तर ३० दिवसांत कळवावं लागतं. कोंदण बदलायचा मोह झाला तर आधी लेखी विचारा: नख सोनाराच्या ताब्यात गेलं की त्याच्याकडे प्रमाणपत्र नसतं, आणि नव्या घडणीनंतर वस्तू नोंदीतल्या वर्णनाशी जुळत नाही.

ठेवायचंच नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२क नुसार प्रमाणपत्रधारक कामकाजाच्या ७ दिवसांची सूचना देऊन नख मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करू शकतो. भरपाई मिळत नाही आणि प्रमाणपत्र रद्द होतं. जमा केल्याची पोच मात्र न विसरता घ्या.