डिस्क ‘कापलेली’ म्हणून परत पाठवण्याआधी

ग्राहकहो,

आमच्याकडून घेतलेली कुंग-फू सिनेमाची डिस्क परत येते, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा एकच तक्रार असते: “कव्हरवर मिनिटं कमी आहेत, म्हणजे ही कापलेली, प्रसंग गाळलेली प्रत आहे.” आम्ही ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो आणि बहुतेक वेळा ती पूर्ण निघते. मग ती पुन्हा तुमच्याकडे रवाना होते. या येण्याजाण्यात तुमचे दिवस वाया जातात आणि आमचेही. म्हणून हे पत्रक आता आम्ही प्रत्येक पार्सलमध्ये घालतो.

सगळ्यात जास्त तक्रारी ‘एन्टर द ड्रॅगन’बद्दल येतात, तेव्हा उदाहरण त्याचंच घेऊ. १९७३ साली थिएटरात लागलेला सिनेमा सुमारे ९९ मिनिटांचा. १९९८ साली, पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने, त्यात सुरुवातीचा एक प्रसंग परत घातला गेला: ब्रूस ली आणि त्याचे शाओलिनचे गुरू चालता चालता युद्धकलेबद्दल बोलतात, तो. त्यामुळे ही आवृत्ती झाली सुमारे १०२ मिनिटांची. इथवर हिशेब सरळ आहे. आता हीच १०२ मिनिटांची आवृत्ती युरोपातल्या डीव्हीडीवर बघा, ती साधारण ९८ मिनिटांत संपते. म्हणजे मोठी आवृत्ती छोट्या आवृत्तीपेक्षा लवकर संपते, आणि तरी तिच्यातली एकही फ्रेम, म्हणजे पट्टीवरचं एकही चित्र, गेलेली नसते.

हे का होतं? सिनेमा चित्रित होतो सेकंदाला २४ फ्रेमने. युरोप-ऑस्ट्रेलियातली पाल (PAL) ही टीव्हीची पद्धत सेकंदाला २५ फ्रेम दाखवते, म्हणून पाल डिस्क काढताना अख्खा सिनेमाच किंचित वेगाने पळवतात. १०० मिनिटांची ९६ होतात. बारीक कानाच्या माणसाला आवाजही थोडे चढे लागतात. अमेरिका, जपान आणि हाँगकाँगच्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससी (NTSC) या दुसऱ्या टीव्ही पद्धतीच्या असतात, तिथे लांबी मूळचीच राहते. ब्लू-रेवर सिनेमा सहसा २४ फ्रेमनेच चालतो. एवढं लक्षात ठेवलंत की निम्मा घोळ तिथेच मिटेल.

तरीही शंका असेल तर घड्याळ लावून बघा. सिनेमातले लांब अंतरावरचे दोन ठळक क्षण निवडा आणि दोन्ही प्रतींमध्ये त्यांच्यामधला वेळ मोजा. एका प्रतीत १० मिनिटं आणि दुसरीत ९ मिनिटं ३६ सेकंद आले, आणि पुढच्या तुकड्यातही फरक याच प्रमाणात राहिला, तर तो फक्त वेगाचा फरक. कात्री लागली असेल तर वेळ एखाद्याच ठिकाणी एकदम उडी मारते.

खरी कात्री लागलेल्या प्रतीही आहेत, हे आम्ही लपवत नाही. ब्रिटनच्या सेन्सॉरला नानचाकूचं, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांच्या हत्याराचं, फार वावडं होतं. तिथल्या ‘एन्टर द ड्रॅगन’च्या जुन्या व्हिडिओ टेपमध्ये तळघरातल्या मारामारीतून नानचाकू उडवलेला असायचा. त्या टेप पालच्या वेगाने पळणाऱ्या, शिवाय कापलेल्या. अशा ठिकाणी एकूण मिनिटं बघून काहीच कळत नाही. थेट तो प्रसंग लावून बघावा.

आणखी एक कापणी मिनिटांत कधीच दिसत नाही. हे सिनेमे रुंद पडद्यासाठी, साधारण २.३५:१ या प्रमाणात चित्रित झालेले. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी त्यांचं चित्र कडेने छाटलं, तर ४० टक्क्यांहून अधिक भाग बाहेर जातो. मारामारीच्या सिनेमात हे फार मोठं नुकसान आहे. लाथ मारणारा दिसतो, खाणारा चौकटीबाहेर! आमच्या मते अशी ‘पूर्ण लांबीची’ प्रत दोन-तीन मिनिटं कापलेल्या रुंद प्रतीपेक्षा वाईट. आम्ही ती ठेवत नाही, कुणी मागितली तरी.

शेवटच बदललेला सिनेमा म्हणजे ‘ड्रंकन मास्टर २’. १९९४ चा हा हाँगकाँगी सिनेमा २००० साली अमेरिकेत ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने आला, तेव्हा संगीत बदललं, संवाद इंग्रजीत डब झाले आणि कारखान्यातलं अल्कोहोल प्यायल्यामुळे नायकाचं पुढे काय होतं तो शेवटचा प्रसंग गाळला गेला. दोन्ही आवृत्त्या आमच्याकडे असतात. मागताना कोणती हवी ते नावासकट लिहा.

नावांचा गोंधळही आहेच. ब्रूस लीचा ‘द बिग बॉस’ अमेरिकेत ‘फिस्ट्स ऑफ फ्यूरी’ झाला आणि खरा ‘फिस्ट ऑफ फ्यूरी’ तिथे ‘द चायनीज कनेक्शन’ म्हणून लागला. डिस्क चुकीची आली असं वाटलं, तर आधी कव्हरवरचं साल बघा: पहिला १९७१ चा, दुसरा १९७२ चा.

सीलबंद पाकिटं आम्ही का फोडतो, असं काही जण विचारतात. प्रत्येक डिस्क चालवून बघायची म्हणून फोडतो. मोजलेली लांबी, पाल की एनटीएससी, चित्राचं प्रमाण, आणि सबटायटल मूळ चिनी संवादांचे आहेत की इंग्रजी डबिंगचेच उतरवलेले, हे सगळं आतल्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं असतं. एवढी मेहनत केल्यावर निव्वळ मिनिटांच्या कारणाने परत आलेली डिस्क आम्ही घेत नाही. पण चिठ्ठीवर लिहिलेलं डिस्कमध्ये नसेल, तर येण्याजाण्याचा सगळा खर्च आमचा.

‘एन्टर द ड्रॅगन’च्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघायच्या असतील, तर २०२० साली निघालेल्या ब्रूस लीच्या ब्लू-रे संचात ९९ आणि १०२ मिनिटांच्या दोन्ही आहेत. तो संच रीजन ए चा, म्हणजे अमेरिका-जपानसारख्या ठराविक भागांतल्या प्लेअरसाठी काढलेला आहे, म्हणून मागवताना तुमच्या प्लेअरचं मॉडेल जरूर कळवा. तो चालेल की नाही हे आम्ही पाठवण्याआधीच सांगू.