बंदूक नसली तर मदतनीसाचा जीव धोक्यात?

‘मानसिक संकटात सापडलेल्या माणसासाठी मदतीचा कॉल आल्यावर पोलिसांऐवजी निःशस्त्र माणसं पाठवली तर ती मार खातील, शेवटी पोलिसांनाच धावावं लागेल’ हा समज अमेरिकेत वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

डेन्व्हर शहराने जून 2020 मध्ये ‘स्टार’ उपक्रम सुरू केला. एका व्हॅनमध्ये मानसिक आरोग्यतज्ज्ञ आणि पॅरामेडिक, बस्स. पहिल्या सहा महिन्यांत ते 748 कॉलना गेले. एकदाही पोलिसांची कुमक मागवावी लागली नाही, एकालाही अटक झाली नाही. पुढे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही सेवा असलेल्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी 34 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

यात जादू नाही. कॉल घेणारा आधीच चाळणी लावतो: शस्त्र किंवा हिंसा असेल तर पोलीसच जातात. रस्त्यावर भेदरून बसलेल्या माणसाला मात्र गणवेश पाहून आणखी धडकी भरते. त्याला पाणी हवं असतं, हळू आवाजात बोलणारं कुणीतरी हवं असतं.

अमेरिकेतल्याच युजीन शहरातली अशीच सेवा 1989 पासून चालली आणि एप्रिल 2025 मध्ये थांबली. कारण पैशांची चणचण होतं, कर्मचाऱ्यांवरचे हल्ले नव्हे.