अरुण खेत्रपाल : सरगोध्याचं घराणं आणि एकवीस वर्षांचं आयुष्य

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल म्हटलं की 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई आणि मरणोत्तर परमवीर चक्र एवढंच आठवतं. पण तो ज्या घरात वाढला ते घर कळल्याशिवाय हा मुलगा पुरता कळत नाही.

खेत्रपाल मूळचे सरगोध्याचे. पणजोबा शीख फौजेतून 1849 साली चिलियांवालाला इंग्रजांशी लढले, तर आजोबांनी पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्याच लष्करात नोकरी केली. वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये अधिकारी होते. फाळणीत सरगोधा सुटलं. अरुणचा जन्म 14 ऑक्टोबर 1950 चा, तोही पुण्यातला. म्हणजे वडिलांचं गाव त्याच्यासाठी जन्माआधीच परमुलूख झालं होतं.

शाळा सनावरची. 1967 मध्ये तो खडकवासल्याच्या एनडीएत आला. आज तिथल्या संचलन मैदानाला त्याचंच नाव आहे. 13 जून 1971 रोजी तो पूना हॉर्समध्ये दाखल झाला. 1817 साली पेशव्यांशी झालेल्या तहानुसार उभारलेल्या घोडदळातून आलेली ही रेजिमेंट. 1965 च्या युद्धात तिचे कर्नल तारापोर पडले होते, त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं होतं.

अरुण अहमदनगरला रणगाड्यांचं प्रशिक्षण घेत असतानाच युद्धाचं बोलावणं आलं. जाताना सामानात त्याने गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचं आणि विजयाच्या खान्याला हा गणवेश घालायचा, असा त्याचा बेत होता. एकवीस वर्षांच्या पोराचाच हा उत्साह! आईने निरोप दिला तो असा : वाघासारखा लढ, भेकडासारखा परत येऊ नकोस.

बसंतरकाठी जरपालला पाकिस्तानी पॅटन रणगाडे अंगावर आले. सोबतचे रणगाडे निकामी होत गेले आणि त्याच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यानेही पेट घेतला. बाहेर पडायचा हुकूम वायरलेसवर आला. त्याचं उत्तर होतं, नाही सर, मी रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालते आहे. त्याने टिपलेला शेवटचा रणगाडा जेमतेम शंभर मीटरवर होता. तो पडला तेव्हा रेजिमेंटमध्ये दाखल होऊन त्याला सहा महिने आणि तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली. आता पोरगा येईल म्हणून घरचे वाट पाहत होते, तार मागाहून आली. फामागुस्ता पुढे नगरलाच आणून ठेवला.

2001 साली ब्रिगेडियर मदनलाल सरगोध्याचं घर पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला पाकिस्तानी लष्करातले निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, मनापासून पाहुणचार केला. परतायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात आपणच होतो, अरुण आपल्याच हातून गेला. ब्रिगेडियर खेत्रपाल तेव्हा 81 वर्षांचे होते.