टकळीवरील कताई

टकळीवरील कताई : सुटे तंतू ओढून, त्यांना पीळ देत सलग धागा काढण्याची हातपद्धती. सरळ दांडी आणि तिच्यावर बसवलेली वजनाची चकती एवढेच तिचे साधन. चरखा आल्यावरही टकळी मागे पडली नाही आणि नवशिक्याला कताईची ओळख आजही बहुधा तिच्यावरच करून देतात. कताईत मुळात दोनच क्रिया असतात, ओढ आणि पीळ. टकळीवर पीळ थांबवून ओढ शिकता येते. चरख्यावर दोन्ही एकदम सांभाळाव्या लागतात.

प्राचीनता : पीळ देण्याचे तंत्र टकळीपेक्षा फार जुने आहे. फ्रान्समधील आब्री द्यु मारा येथे दगडी हत्याराला चिकटलेला, जेमतेम ६ मिमी. लांबीचा तीनपदरी दोरीचा तुकडा सापडला (प्रसिद्धी २०२०). तो सुमारे ४१,००० ते ५२,००० वर्षांपूर्वीचा मानतात. त्यातील प्रत्येक पदराचा पीळ एका दिशेचा, तर तिन्ही पदर एकत्र वळताना दिलेला पीळ उलट दिशेचा आहे. जॉर्जियातील झुडझुआना गुहेतील सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे तंतू जवसाचे असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. पण ते जवसाचेच आहेत का, यावर पुढे आक्षेप घेतले गेले. यांपैकी कोणताही पुरावा टकळीचा नाही. मांडीवर किंवा तळहातांत वळूनही दोरी होते.

टकळीचा पुरावा मुख्यतः चकत्यांचा असतो, कारण लाकडी दांडी मातीत टिकत नाही. इस्राएलमधील नहल ऐन-गेव्ह येथे मध्यभागी भोक असलेले शंभरावर खडे मिळाले आहेत. सुमारे १२,००० वर्षांपूर्वीचे हे खडे टकळीच्या चकत्या असाव्यात, असे मत २०२४ मध्ये मांडले गेले. त्यांच्या प्रतिकृतींवर सूत काढून दाखवण्यात आले असले, तरी एखादी वस्तू चकती म्हणून चालते एवढ्याने ती चकतीच होती असे ठरत नाही. मणी किंवा जाळ्याचे वजन ही शक्यता प्रत्येक वेळी तपासावी लागते. नवाश्मयुगापासून पुढे मात्र चकत्या इतक्या सर्रास सापडतात की तेथे शंकेला फारसा वाव राहत नाही.

प्राचीन ईजिप्तमध्ये जवसाचा धागा बराच काळ आजच्या अर्थाने कातला जात नसे. लांब तंतूंच्या पट्ट्या टोकाला टोक जोडून आधी सलग केल्या जात आणि टकळी केवळ पीळ भरण्यासाठी वापरली जाई. तेव्हा चकती सापडली म्हणजे तेथे ओढकताई (सुटे तंतू ओढून केलेली कताई) होती, हा सरधोपट निष्कर्ष टाळलेला बरा. कापसासारखे आखूड तंतू मात्र ओढूनच कातावे लागतात. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील तांब्याच्या मण्यात टिकून राहिलेले, इ. स. पू. सहाव्या सहस्रकातील मानलेले कापसाचे तंतू त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

टकळीकडून चरख्याकडे झालेले संक्रमण कोठे व केव्हा घडले, हा वाद मिटलेला नाही. चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडॅम यांचा कल चीनकडे होता. भारतात चरखा तेराव्या-चौदाव्या शतकांत बाहेरून आला, असे इतिहासकार इरफान हबीब यांनी मांडले. इसामी या कवीच्या १३५० च्या सुमाराच्या फार्सी काव्यातील चरख्याचा उल्लेख हा त्यांचा एक मुख्य आधार. इतिहासकार विजया रामस्वामी यांनी दक्षिणेकडील साहित्याकडे बोट दाखवून हे आगमन इतके उशिराचे मानण्यास हरकत घेतली. बाराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या कदिरे रेम्मव्वे या सूत कातणाऱ्या स्त्रीच्या कन्नड वचनात (भक्तिपर रचनेत) चरख्याचे भाग रूपकाने येतात. वचनांच्या संकलनाचा काळ लक्षात घेता हा पुरावा जपून वापरावा लागतो. तरी तो बाजूला सारण्याइतका दुबळा वाटत नाही.

साधन : टकळी दोन प्रकारे चालवतात. लोंबती टकळी धाग्यालाच टांगलेली फिरते. टेकती टकळी जमिनीवर किंवा वाटीत टोक टेकवून फिरवतात. लोकरीवर हात बसवायला २५–३० सेंमी. दांडीची, ३० ते ५० ग्रॅ. वजनाची लोंबती टकळी सोयीची. याहून हलकी असली तर नवशिक्याच्या जाड धाग्यातील पीळच तिला चटकन थांबवून उलटी फिरवतो. फार जड असली तर बारीक जागी धागा तुटतो. वजन तेच ठेवून चकतीचा व्यास वाढवला, तर टकळी सावकाश पण जास्त वेळ फिरते. लहान व्यासाची वेगाने फिरते आणि लवकर थांबते. कापसाचा कोवळा धागा वजन पेलत नाही, म्हणून त्याला १०–२० ग्रॅ. वजनाची टेकती टकळी लागते. चकती डगमगत असेल तर ती मध्यावर बसलेली नाही किंवा दांडी वाकडी आहे. अशा टकळीवर शिकू नये.

तंतू : सुरुवात लोकरीने करावी. साधारण ७ ते १२ सेंमी. लांबीचे तंतू, अंगचे कुरळेपण आणि पृष्ठावरील खवले यांमुळे लोकरीचे तंतू कमी पिळातही एकमेकांना धरून राहतात. कापसाचा तंतू बहुधा ३ सेंमी.च्या आतबाहेर असतो. त्यात पीळ भराभर भरावा लागतो आणि चुकीला वेळ मिळत नाही. विंचरलेल्या लोकरीची जाड वात तशीच हातात न घेता उभी चिरून बोटाएवढ्या पट्ट्या कराव्यात व हलक्या हाताने थोड्या ओढून मोकळ्या कराव्यात. दाबलेली किंवा ओलसर लोकर ओढू म्हटल्यास निघत नाही.

कृती : ५०–६० सेंमी. लांबीचा लोकरीचा तयार धागा दांडीला बांधून तिच्या वरच्या टोकाच्या आकड्यातून (हूकमधून) घ्यावा. त्याचे सुटे टोक विसकटून पट्टीच्या टोकावर ५–८ सेंमी. ठेवावे आणि जोड चिमटीत धरावा. टकळी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १५–२० वेळा फिरवून लगेच गुडघ्यांत धरावी, म्हणजे ती उलटी फिरणार नाही. धाग्यात पीळ आता साठून राहिला आहे. मागच्या हाताने पट्टी सैल धरावी, पुढच्या चिमटीने तंतूंच्या लांबीपेक्षा थोडे कमी ओढावे आणि मग चिमूट मागे सरकवत नेऊन पिळाला त्या ओढलेल्या भागात शिरू द्यावे. ओढा, सरकवा, पुन्हा ओढा. धागा मऊ पडू लागला की पीळ संपला. टकळी पुन्हा फिरवावी. हातभर सूत झाले की ते चकतीलगत शंकूच्या आकारात गुंडाळून १५–२० सेंमी. मोकळे ठेवावे. हा क्रम अंगवळणी पडल्यावरच टकळी फिरती ठेवून ओढावे.

दोन हातांतील अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडे जास्त हवे. ते कमी पडले तर त्याच तंतूंची दोन्ही टोके दोन्ही हातांत अडकतात आणि कितीही जोर लावला तरी काही सरकत नाही. नवशिका अशा वेळी आणखी जोर लावतो. मागचा हात दोन बोटे मागे घेतला की काम होते. चिमूट ढिली पडून पीळ पट्टीत शिरला तरी ओढ अशीच बंद पडते. मग टकळी थांबवून तेवढा पीळ उलगडावा लागतो.

दोष : पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो, कारण तेथे विरोध कमी असतो. त्यामुळे बारीक जागा ताठ होते आणि शेजारची जाड जागा बिनपिळाची, फुगीर राहते. फुगीर जागेच्या दोन्ही बाजूंना धरून पीळ थोडा उलगडावा, हलकेच ओढावे व सोडावे. सूत गुंडाळल्यावर हा उपाय चालत नाही. तुटलेले टोक पाहून कारण कळते. टोक लांब, निमुळते, पिसासारखे असेल तर तंतू घसरले आहेत, म्हणजे पीळ कमी पडला. आखूड, ब्रशसारखे असेल तर तंतूच तुटले आहेत. पीळ किंवा वजन जास्त झाले. तुटके टोक गाठ मारून जोडू नये. ते विसकटून ताज्या तंतूंवर ठेवावे व पीळ द्यावा.

पीळ पुरेसा आहे का हे पाहण्यासाठी ताज्या धाग्याचा वीतभर भाग सैल सोडतात. तो स्वतःभोवती वळून जसा दिसेल, तसेच पुढे त्याचे दुपदरी सूत दिसेल. अजिबात वळला नाही तर पीळ कमी. लगेच गाठीगाठी झाल्या तर जास्त. टकळीवर रात्रभर राहिलेल्या सुताची अशी परीक्षा फसवी ठरते, कारण त्यातील पीळ निजतो, म्हणजे धागा वळेनासा होतो.

पदर व शेवट : घड्याळाच्या दिशेने कातलेल्या धाग्यावर उजवीकडे चढणाऱ्या तिरप्या रेघा दिसतात; यास झेड पीळ म्हणतात. असे दोन धागे एकत्र करताना टकळी उलट फिरवून एस पीळ देतात. एकेरी पिळाच्या सुमारे दोन-तृतीयांश उलट पीळ दिल्यास दुपदरी सूत तोल साधते आणि मोकळे सोडल्यावर वेटोळत नाही. सुताची लड चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी व न पिळता दाबून वाळत टाकावी. लोकर चोळली किंवा तापत्या पाण्यातून एकदम गारात घातली तर तंतू एकमेकांत घट्ट गुंतून तिचा नमदा होतो.

सुती धाग्याचा अंक म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. अंक मोठा तितके सूत बारीक. कापसाच्या ताण्यासाठी (विणकामातील उभ्या धाग्यांसाठी) इंचातील पीळ काढताना अंकाच्या वर्गमुळाला सुमारे ४ ने गुणतात. ९ अंकाच्या सुताला इंचात सुमारे १२ पीळ लागतात, १६ अंकाला १६ आणि ३६ अंकाला २४. बाण्याला (आडव्या धाग्यांना) याहून थोडा कमी पीळ चालतो.