बेवारस मनोरुग्ण

गंभीर मानसिक आजारामुळे घर व आप्त दुरावून रस्ता, फलाट, देवळाचा ओटा अशा ठिकाणी राहणारी व्यक्ती. 'फिरस्ता मनोरुग्ण' असाही शब्द आहे व तो अधिक योग्य आहे. कारण यांपैकी अनेकांचे घर शाबूत असते आणि घरचे त्यांच्या शोधात असतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले.

आजारामुळे घर सुटते, की बेघरपणामुळे आजार जडतो, याविषयी मतभेद आहेत. मनोरुग्णालये रिकामी केल्याने रुग्ण रस्त्यावर आले, हे पाश्चात्त्य देशांविषयीचे स्पष्टीकरण भारताला फारसे लागू पडत नाही; येथे खाटा मुळातच कमी होत्या. उपचार न झालेला छिन्नमनस्कतेसारखा (स्किझोफ्रेनिया) आजार, भ्रमाच्या भरात रेल्वेने दूर जाणे आणि तेथील भाषा न येणे, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो.

१८५८ च्या कायद्याने अशा व्यक्तीस पकडून दंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याचे काम पोलिसांवर सोपवले. दंडाधिकाऱ्यामार्फत जाण्याची ही चौकट १९१२ व १९८७ च्या कायद्यांतही टिकली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० ने ती बदलली. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या फिरस्त्या रुग्णास ठाणे अंमलदाराने संरक्षणाखाली घ्यावे, कारण सांगावे, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीस न्यावे. कोठडीत ठेवू नये. हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणेही पोलिसांचेच काम आहे. कलम १८ नुसार बेघरांना सरकारी उपचार मोफत असून त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही. तरीही आधार कार्ड वा नातेवाईक नाही म्हणून रुग्ण परत पाठवला जातो. ही अडवणूक कायद्याला धरून नाही.

उपचारात आधी अन्नपाणी, अळ्या पडलेल्या जखमा, उवा, रक्तक्षय व क्षयरोगाची तपासणी. मग मनोविकारावरील औषधे. भ्रम ओसरल्यावर रुग्ण बोलू लागतो. गावाचे नाव चुकीचे सांगितले, तरी आठवडी बाजार, नदी, शाळा यांवरून तालुका सापडतो. तेथील पोलीस ठाण्यामार्फत खातरजमा होते. घरी पोचल्यावर 'बरा झाला' म्हणून गोळ्या बंद केल्या जातात व आजार उलटतो. गोळ्या नियमित घेणे शक्य नसल्यास फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारखे दोन ते चार आठवड्यांनी द्यावयाचे इंजेक्शन उपयोगी पडते.

कर्जतचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र या कामासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चेन्नईत 'द बॅनियन' ही संस्था १९९३ पासून कार्यरत आहे.

लोक अशा माणसाला भिकारी समजतात. पोरे पळवणारा म्हणून मारहाणही होते. दगड मारणारा रुग्ण लक्षात राहतो, पण उपाशी, घाबरलेला आणि स्वतःशी पुटपुटणारा रुग्ण कितीतरी अधिक आढळतो.