आधी हात धू

२६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर चिवडा आणि नागपुरी संत्री वाटली गेली. शेजारच्याच टेबलावर मोफत शुगर तपासणी होती. माझ्या मित्राने संत्रं सोलून खाल्लं, हात पँटला पुसला आणि बोट पुढे केलं. स्पिरिटचा बोळा फिरला, सुई टोचली, मशीनवर आकडा आला: २४३.

रात्री साडेअकराला त्याचा फोन. "झालं रे. शुगर निघाली मला."

मी म्हणालो, "काही होत नाही, आजकाल घरटी एकाला असते." पलीकडे नुसती शांतता. धीर द्यायला गेलो आणि त्याची भीतीच मोडीत काढली. मग जरा शहाणपणा सुचला आणि विचारलं, "तुला नेमकं कशाचं वाटतंय?"

"बाबांचा पाय आठवतो."

त्याच्या वडिलांना चप्पल लागली होती. महिना झाला तरी जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तेव्हा मधुमेह असल्याचं कळलं. पुढे पाय कापावा लागला. वर्षानुवर्षं वाढलेली साखर पायातल्या नसा बधिर करते आणि रक्तवाहिन्या अरुंद करते. जखम झालेली कळत नाही आणि झालेली भरत नाही. टाइप २ मधुमेह वर्षानुवर्षं काही त्रास न देता अंगात राहू शकतो, वडिलांच्या बाबतीत तेच झालं होतं. मित्राच्या हातात निदान एक आकडा तरी वेळेवर आला होता. तो खरा होता का, हे बघायचं राहिलं होतं.

ग्लुकोमीटरच्या पट्टीला साधारण एक मायक्रोलिटर रक्त पुरतं. रक्तातली साखर १०० असेल, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, तर तेवढ्या थेंबात ग्लुकोज असतं फक्त एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. संत्र्याच्या रसात ग्लुकोज असतंच. बोटावर डोळ्यांना न दिसणारा त्याचा लेप राहिला आणि त्यातलं दीड मायक्रोग्रॅम थेंबात मिसळलं, की १०० चे २५० झालेच. फळं सोलल्यावर असं होतं हे प्रयोगांत दिसलंय, आणि स्पिरिटचा बोळा एकदा फिरवून ते जात नाही. हात पाण्याने धुवावे लागतात. शिवाय तो नुकताच खाऊन आला होता. अवेळी घेतलेला २०० च्या वरचा आकडा लक्षणं असतील तरच निदानाला पुरतो, आणि निदान लॅबच्या तपासणीवर करायचं असतं. सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, उगाच वजन उतरणं असलं काही त्याला नव्हतं. ते असतं, किंवा उलट्या आणि धाप असती, तर मी गप्पा मारत बसलो नसतो, तडक डॉक्टरांकडे नेलं असतं.

सकाळी मी त्याच्याबरोबर लॅबमध्ये गेलो. आठ तास उपाशी, चहासुद्धा नाही. ताईंनी दोन नळ्या भरल्या, राखाडी टोपणाची आणि जांभळ्या टोपणाची. राखाडी नळीत फ्लोराइड असतं. रक्तपेशी नळीतही साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के. फ्लोराइड त्यांना लगाम घालतं. जांभळी नळी एचबीएवनसीची. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती चिकटली ते मोजलं की गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. आदल्या दिवशी गोड टाळून हा हिशेब बदलत नाही. पण लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो, हे विशेषतः आपल्याकडच्या बायकांनी डॉक्टरांना विचारावं.

रिपोर्ट आला: उपाशीपोटी ११२, एचबीएवनसी ६.१. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ आणि त्याच्या पुढे मधुमेह, तोही त्रास नसेल तर दोन तपासण्या जुळल्यावरच म्हणायचा. १०० आणि ५.७ च्या आत असतं तर निश्चिंत. हा मधल्या पट्ट्यात, प्रीडायबेटिस.

"पण मी तर किडकिडीत आहे!"

याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातच सापडतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांचा व्यायाम, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यापुरता. हातपाय बारीक आणि चरबी आत, ही आपली ठेवण वजनकाट्याला दिसत नाही.

दोन दिवसांत बातमी पसरली. कारल्याचा रस आला, भिजवलेल्या मेथ्या आल्या, ते ठीक. एका काकांनी स्वतःच्या गोळ्यांची अर्धी पट्टी दिली, ती मात्र मी परत केली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी गरज नसलेल्या माणसाची साखर इतकी उतरवू शकते की तो घाम फुटून कोसळेल.

उपयोगी पडेल असं काही हवं असेल तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ सालचा अभ्यास आहे. प्रीडायबेटिस असलेले ५३१ भारतीय लोक, सुमारे तीन वर्षं. नेहमीसारखं चालू ठेवलेल्यांपैकी १०० त ५५ जणांना मधुमेह झाला, खाणं आणि चालणं बदललेल्यांपैकी ३९ जणांना. म्हणजे बदल करूनही ३९ जणांना झालाच. मित्राला मी तेही सांगितलं, नाहीतर पुढेमागे झाला तर स्वतःलाच दोष देत बसेल.

आता रात्री जेवण झालं की मी खालून हाक मारतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज आत ओढतो, म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटं. पहिले चार दिवस तो साखरेबद्दलच बोलला. पाचव्या दिवशी पार्किंगच्या भांडणावर घसरला. काल म्हणाला, "दादाचंही करून घ्यायला हवं रे. वडील तर दोघांचे तेच." त्याने तिथूनच भावाला फोन लावला, आणि पहिलं वाक्य होतं, "तपासायला जाशील तेव्हा आधी हात धू."